दिवसाचा दिवा

सूर्य माथ्यावर तळपत असताना दिवा लावायचा तो देवापुढेच. अन्यत्र लावला तर ती निव्वळ उधळपट्टी, अशी आमच्या घरातील वडीलधाऱ्यांची ठाम समजूत होती, आणि ज्या काळी रॉकेल शिधापत्रिकेवर मोजून मिळत असे तो काळ ध्यानात घेता तीत गैर काहीच नव्हते. दिवा अंधार घालविण्यासाठी असतो, अंधारच नसेल तर त्याला काम उरत नाही, हा तर्क इतका सरळ आहे की त्याच्याविरुद्ध काही बोलता येईल असे मलाही कित्येक वर्षे वाटले नव्हते. परंतु प्रतापगडासारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाने थोडे डोळे उघडे ठेवले तर या तर्काला छेद देणारे दाखले त्याला घराजवळच मिळतात.

येथे खुलासा करणे अवश्य आहे की हा प्रतापगड अफजलखानाच्या वधाने इतिहासात गाजलेला सातारा जिल्ह्यातील प्रतापगड नव्हे. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, टेकडी, जंगल आणि धानाच्या बांध्या यांच्या संगतीत वसलेले हे गाव झाडीपट्टीबाहेर फारसे कोणास ठाऊक नाही. टेकडीवर महादेवाचे स्थान आहे आणि महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. त्याच परिसरात ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गा आहे, आणि यात्रेला आलेला माणूस बहुधा दोन्हीकडे माथा टेकवूनच परततो. शिवाय १९७२ पासून जवळच तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग नावाची वसाहत नांदते आहे. महादेवापुढील समई, दर्ग्यातील चिराग आणि तिबेटी प्रार्थनागृहातील लोण्याचे दिवे यांपैकी एकाच्याही उजेडात कोणी पोथी वाचत नाही की सुईत दोरा ओवत नाही. ते दिवे स्वतः दिसावेत, आणि ते दिसले म्हणजे येथे कोणाचे तरी अस्तित्व आहे एवढे येणाऱ्याला कळावे, यापलीकडे त्यांच्याकडून कोणाची काही अपेक्षा नसते. मोटारीच्या पुढील अंगास भर दिवसा जळणारे जे दिवे हल्ली सर्वत्र दिसतात त्यांचेही काम याच जातीचे आहे, असे म्हणताना थोडा संकोच वाटतो खरा. पण वस्तुस्थिती तीच आहे.

माझ्याकडे असलेली जुनी मारुती ८०० राखी रंगाची आहे, आणि राखी रंग हा आमच्या डांबरी रस्त्याचाही रंग आहे. पावसाळा सरला, झाडांची पाने अजून गळावयाची आहेत, अशा दिवसांत गोठणगावच्या बाजूने गावाकडे येताना रस्त्यावर ऊन आणि सावली यांची अशी काही जाळी पसरलेली असते की उघड्या माळावरून आलेला, प्रखर प्रकाशाला सरावलेला डोळा त्या जाळीत शिरला म्हणजे काही क्षण त्याला सावलीतील वस्तू दिसतच नाही. आणि त्या काही क्षणांत समोरची मोटार किती अंतर तोडून येते, हे गणित ज्याने एकदा मांडून पाहिले त्याची झोप उडावी. हिवाळ्यात निराळाच प्रकार. इटियाडोहच्या जलाशयावरून आणि जागोजागच्या जुन्या मालगुजारी तलावांवरून उठणारे धुके सकाळी रस्त्यावर रेंगाळत असते. त्याच सुमारास धानाची पोती लादलेले ट्रॅक्टर बाहेर पडतात. आणि दिवाळीनंतर मंडई नावाच्या गावजत्रांचा हंगाम सुरू झाला की झाडीपट्टीचे नाटक रात्रभर पाहून पहाटे परतणाऱ्या गाड्या, तांबारलेल्या डोळ्यांच्या चालकांसह, त्याच वाटेने येतात. उजाडले या भरवशावर बहुतेकांनी हेडलाइट मालवलेले असतात. चालकाला स्वतःला रस्ता दिसत असतो, म्हणून आपणही इतरांना दिसत आहोत असे तो गृहीत धरतो.

हे गृहीत चुकीचे आहे, ही गोष्ट उत्तर युरोपातील राष्ट्रांच्या ध्यानात आपल्यापेक्षा पुष्कळ आधी आली, कारण तेथील सूर्य हिवाळ्यात क्षितिजाला चिकटूनच फिरतो. फिनलंडने १९७२ मध्ये गावाबाहेरील रस्त्यांवर हिवाळ्यापुरती दिवसाही दिवे लावण्याची सक्ती केली. स्वीडनने १९७७ मध्ये ती बारमाही केली. कॅनडाने डिसेंबर १९८९ पासून तयार होणाऱ्या मोटारींना असे दिवे कारखान्यातूनच बसवून घेतले. आणि युरोपीय संघाचा तसा हुकूम नव्या नमुन्याच्या मोटारींना ७ फेब्रुवारी २०११ पासून लागू झाला. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबरच लागावा असा नियम झाला. चारचाकींना ही सक्ती त्या वेळी करण्यात आली नाही.

त्या वर्षीचा एक देखावा अजून डोळ्यांपुढे आहे. नवी दुचाकी घेऊन कोणी रस्त्याने निघाला की समोरून येणारा प्रत्येक परोपकारी माणूस हाताची बोटे मिटून उघडून त्याला खुणावी : अरे, दिवा चालू राहिला! बिचाऱ्या स्वाराने कोणाकोणास सांगावे की तो बंद करण्याचा खटकाच कंपनीने ठेवलेला नाही? पुढे मी माझ्या मारुतीला घरीच दिवसाचे दिवे बसविले तेव्हा हा प्रसाद मलाही भरपूर मिळाला. पानठेल्यावरून, शाळेच्या फाटकातून, बंडी हाकणाऱ्याकडून, "गुरुजी, लाइट सुरूच रायली जी तुमची!" अशी हाक येई आणि मी हात उंचावून आभार मानी. वास्तविक ज्याला माझा दिवा दिसला त्याला माझी गाडीही दिसली होती, म्हणजे दिव्याने आपले काम चोख बजावले होते.

त्याच २०१७ साली, बरोबर एका महिन्याने, म्हणजे १ मे रोजी, मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मोटारींवरील लाल दिवे उतरले. लाल दिव्याची गाडी हे आपल्याकडे सत्तेचे सगळ्यांत ठसठशीत चिन्ह होते. ती मिळावी म्हणून किती महामंडळे निर्माण झाली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तोही दिवसाचाच दिवा होता, तोही दिसण्यासाठीच होता, पण त्याचा अर्थ 'बाजूला व्हा' असा होता. एका महिन्याच्या अंतराने एक दिवसाचा दिवा सामान्य दुचाकीस्वाराच्या माथी सक्तीने मारण्यात आला आणि दुसरा अंमलदारांच्या माथ्यावरून सक्तीने काढण्यात आला, हा योगायोग मला विलक्षण सूचक वाटतो. पहिल्याने फक्त 'मी येथे आहे' एवढेच म्हणावयाचे असते, आणि तेही अदबीने.

ही अदब साधणे हाच सगळ्या कारागिरीचा कठीण भाग आहे, हे मला प्रत्यक्ष हाताने काम केल्यावर कळले. शेजारच्या घरात आयटीआयमधून वीजतंत्रीचे शिक्षण पुरे करून आलेला एक तरुण आहे. मी त्याच्यापाशी मारुतीला असे दिवे बसविण्याचा विषय काढला तेव्हा तो क्षणभर विचार करून म्हणाला, "लावणं काही कठीण नाही जी, गुरुजी. रात्री लाइट आपोआप बंद कशी होईल, ते आधी पाहू." तेव्हा मला तो प्रश्न दुय्यम वाटला होता. सामान आणायला तो नागपूरला गेला आणि सीताबर्डीवरून एकेक वॉटचे पांढरे एलईडी, भिंगे, एल.एम. ३१७ नावाचे नियंत्रक, रेझिस्टर, रिले आणि फ्यूजचे होल्डर घेऊन आला. अॅल्युमिनियमचे तुकडे मात्र खिडक्यांची चौकट बनविणाऱ्याच्या भंगारातून गावाजवळच मिळाले.

एलईडी हा एवढासा पदार्थ, पण त्याची वंशावळ मोठी आहे. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत तांबडा प्रकाश देणारा एलईडी करून दाखविला, आणि तेथून निळ्यापर्यंत पोहोचावयास तीस वर्षे लागली. निळ्यावाचून पांढरा होत नाही. पांढरा म्हणून आपण जो विकत घेतो तो मुळात निळाच असतो, त्याच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप चढवलेला असतो आणि दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरे भासते. तो प्रखर निळा एलईडी १९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांनी सिद्ध केला, टोकियोच्या एखाद्या विख्यात संशोधनसंस्थेत बसून नव्हे, तर शिकोकू बेटावरील आनान नावाच्या आडगावच्या निचिया कंपनीत, जेथे आरंभीच्या वर्षांत भट्ट्या त्यांना स्वतःच जोडाव्या लागत, क्वार्ट्‌झच्या नळ्या स्वतःच वितळवून सांधाव्या लागत. कंपनीने त्यांना त्या शोधाबद्दल दिलेले बक्षीस २०,००० येनांचे होते. पुढे प्रकरण कोर्टात गेले, आणि २०१४ मध्ये अकासाकी व अमानो यांच्या जोडीने त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. घरच्या हत्यारांनी काम करणाऱ्या माणसाकडे तुच्छतेने पाहण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी हा वृत्तान्त अवश्य वाचावा.

पांढरा एलईडी सुमारे ३.२ व्होल्टवर चालतो. तीन एकापुढे एक जोडले की ९.६ व्होल्ट झाले. मोटारीची बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट देते आणि इंजिन चालू होऊन ती भरू लागली की तारेतील दाब १४.४ पर्यंत चढतो. हा चढउतार एलईडीला सोसत नाही. दाब किंचित वाढला तरी त्यातून वाहणारा प्रवाह भलताच वाढतो, दिवा तापतो, तापला की आणखी प्रवाह ओढतो आणि शेवटी करपतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पट्ट्यांतील अर्धे ठिपके काही महिन्यांत मिणमिणू लागतात त्याचे एक मोठे कारण हेच. तेव्हा दाब कितीही असो, प्रवाह ठरल्यापेक्षा वाढू नये, अशी तजवीज करावी लागते, आणि ते काम एल.एम. ३१७ करतो. आमच्याकडील तलावाच्या पाणी सोडण्याच्या तुडुमातून, तलाव भरलेला असो की उतरलेला, पाटकऱ्याने ठरविल्याइतकेच पाणी बांध्यांत उतरते, तसा हा नियंत्रक ३.६ ओहमच्या एका रेझिस्टरच्या आधाराने ३५० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह पुढे जाऊ देत नाही. इंजिन बंद असले आणि बॅटरी १२.६ व्होल्टवर असली तर त्याला स्वतःच्या निर्वाहापुरताही दाब उरत नाही आणि दिवे जरासे मंदावतात. पण उभ्या गाडीला या दिव्याची गरजच काय?

एलईडीचा प्रकाश थंड असतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. प्रकाश थंड असतो हे खरे, दिवा नव्हे. त्याला दिलेल्या विजेचा बराच मोठा अंश उष्णता होऊन त्याच्या पाठीतून बाहेर पडू पाहतो, आणि तिला वाट मिळाली नाही तर ती त्याच्याच पोटात साठते. म्हणून त्याची पाठ अॅल्युमिनियमला, मधे उष्णतावाहक पेस्टचा पातळ थर देऊन, घट्ट बसवावी लागते. त्या तरुणाने पेस्ट इतकी कमी लावली की मला तो कंजूषपणा वाटला. त्यावर त्याने जाड थर उष्णतेला अडवतो हे मला समजावून सांगितले, आणि ते बरोबर होते. कथिलाचा धूर, फ्लक्सचा वास, सिलिकॉनने बंद केलेल्या फटी, अंगणात पाण्याची बादली ओतून घेतलेली पावसाची परीक्षा, हे सगळे सुखाचे काम होते आणि त्याविषयी लिहावे तितके थोडेच. पण वाचकांपैकी ज्यांनी कधी सोल्डर हातात धरलेला नाही त्यांना ते कंटाळवाणे होईल, म्हणून आवरते घेतो.

आता अदबीविषयी. दिवसाच्या दिव्याने समोर किती प्रकाश फेकावा याची मर्यादा संयुक्त राष्ट्रांच्या ८७ क्रमांकाच्या नियमावलीत घालून दिलेली आहे : ४०० कँडेलांपेक्षा कमी नको आणि १२०० पेक्षा अधिक नको. एक कँडेला म्हणजे स्थूलमानाने एका मेणबत्तीचा उजेड. उजळणारा भाग किमान २५ चौरस सेंटिमीटर असावा, म्हणजे प्रकाश सुईसारखा डोळ्यात घुसत नाही; दिवा जमिनीपासून २५ सेंटिमीटरच्या खाली आणि १५० सेंटिमीटरच्या वर नसावा; दोहोंमध्ये निदान ६० सेंटिमीटर अंतर असावे, म्हणजे पाहणाऱ्याला गाडीची रुंदी उमजते. मौज अशी की उघडा एलईडी जवळून पाहणाऱ्याचे डोळे दिपवितो, परंतु त्याचा उजेड चहूकडे विखुरलेला असल्याने असे तीन मिळून शंभर कँडेलाही भरत नाहीत. भिंग बसविले की तोच उजेड एकवटतो आणि मर्यादेत येतो. अधिक अरुंद भिंग बसवले, अधिक वॉटचे एलईडी घेतले की तोच मर्यादा ओलांडून समोरच्याला आंधळा करू लागतो. आम्ही भिंगांपुढे बारीक रेघांच्या पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी लावली, आणि अंधाऱ्या अंगणात पाच मीटरवर मोबाइलमधील मापकाने प्रत्येक दिवा वेगळा मोजला. त्या अंतरावर ४०० कँडेला म्हणजे १६ लक्स आणि १२०० म्हणजे ४८ लक्स. मोबाइलचा मापक प्रयोगशाळेइतका काटेकोर नसतो, पण आकडा दोहोंच्या पुरेसा मधोमध पडला तर समाधान मानावयास हरकत नाही. दोन्ही दिवे मिळून गाडीकडून सुमारे १० वॉट घेतात. त्याच कामासाठी हेडलाइट लावले असते तर ११० वॉट गेले असते.

आणि मग तो प्रश्न आला, जो त्या मुलाने पहिल्याच दिवशी विचारला होता. जो प्रकाश दुपारी जेमतेम लक्ष वेधतो तोच रात्री असह्य होतो, कारण रात्री डोळ्याची बाहुली पसरलेली असते आणि या दिव्यांचा झोत हेडलाइटच्या बुटक्या झोतासारखा वरून कापलेला नसतो. तो सरळ समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यामुळे हेडलाइट लागताच दिवसाचे दिवे आपोआप मालवले गेले पाहिजेत, असा नियमच आहे, आणि चालकाच्या स्मरणशक्तीवर हे काम सोपवून चालत नाही. यासाठी पाच टोकांचा, एका बोटाच्या पेराएवढा रिले लागतो. त्याच्या ३० क्रमांकाच्या टोकाला इग्निशनच्या तारेवरून फ्यूजमार्गे वीज द्यावयाची. ८७ए या टोकावरून ती दिव्यांकडे न्यावयाची, जे टोक रिले निजलेला असताना जोडलेले असते. आणि त्याच्या वेटोळ्याची ८५ व ८६ ही टोके एक गाडीच्या सांगाड्याला, दुसरे पार्किंग दिव्याच्या तारेला जोडावयाची. चालकाने सायंकाळी पार्किंगचा खटका दाबला की वेटोळे जागे होते, टक् असा आवाज येतो आणि दिवसाचे दिवे विझतात. हेडलाइटचा खटका पार्किंगच्या पुढच्याच घरात असल्याने त्यांच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. साऱ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी रिले ही एक, आणि बाजारातून बसवून घेतलेल्या किती दिव्यांत ती असते हे पाहावयाचे असेल तर यात्रेच्या रात्री आमच्या रस्त्यावर येऊन उभे राहावे. निळे, जांभळे, पळते, लुकलुकते, अशा नाना परींचे झोत डोळ्यांवर आदळतात आणि त्यांच्यामागून पायी येणारे यात्रेकरू कोणाला दिसत नाहीत. 'येथे मी आहे' हे म्हणण्याच्या ईर्षेत बाकीचे सगळे नाहीसे होतात. हा लाल दिव्याचाच अवतार, फक्त आता तो कोणालाही विकत घेता येतो.

कायद्याची बाजू लपविणे योग्य होणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलात मालकाने मन मानेल तसा फेरफार करण्यास मज्जाव आहे. पुढील बाजूस तांबडा दिवा लावण्याची मुभा सामान्य वाहनाला नाही. आणि घरी बनविलेला दिवा कितीही नेटका असला तरी त्याच्यावर पुण्याच्या एआरएआयसारख्या, वाहने व त्यांचे भाग तपासणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र नसते. तेव्हा रस्त्यावर उतरण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर. ज्यांना हात काळे करण्याची हौस नाही त्यांनी प्रमाणित दिवा विकत घ्यावा, आणि ज्यांना तेही नको त्यांनी जंगलातून व धुक्यातून जाताना भर दिवसा सरळ हेडलाइट लावावेत. ११० वॉटांनी कोणी भिकेला लागत नाही.

मात्र ज्यांना हा उद्योग घरी करावयाचाच आहे त्यांना एक विनंती. दिवे बसवून झाले की सायंकाळी गाडीत दुसऱ्या कोणाला तरी बसवा, आपण स्वतः पन्नास पावले पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहा, आणि त्याला पार्किंगचा खटका दाबावयास सांगा. दिवसाचे दिवे तत्क्षणी विझले नाहीत, तर गाडी रात्री बाहेर काढू नका. आणि सामानाची यादी कराल तेव्हा रिले पहिल्या ओळीवर लिहा, एलईडी नंतर.